दिवाळसणाचा बोर्ड

दिवाळसणाला आलेल्या जावयाला हरवायचं नाही, ही अनंतरावांच्या घरची रीत. म्हणून टाउनशिपच्या क्लबात वर्षानुवर्षं कॅरम जिंकणारे अनंतराव आज सकाळपासून मुद्दाम हरत होते.

“काय मामा, कारखान्यात क्रेनपण अशीच चालवता?” जावई श्रीरंग खेळ बघायला जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघत हसला. “मग खाली उभे राहणारे तर गेलेच कामातून!”

करंज्यांचं ताट घेऊन आलेली कुमुद दारातच थांबली. लग्नाला पाच महिने झाले होते, आणि ‘क्रेनवाल्याची पोर’ हे ती सासरी रोज ऐकत होती.

“बाबा, आता खरं खेळा.”

“कुमुद!” आईने डोळे वटारले.

अनंतरावांनी लेकीकडे पाहिलं. सुकलेल्या फुलासारखा तिचा चेहरा त्यांना आज पहिल्यांदा नीट दिसला. त्यांनी बोर्डावर पावडर टाकली आणि स्ट्रायकर ओढला. नव्या डावाची पहिली पाळी त्यांचीच होती. नऊच्या नऊ सोंगट्या गेल्या, राणीही गेली. श्रीरंगची पाळी आलीच नाही.

तो ताडकन उठला. “सामान भर, कुमुद. आत्ताच निघायचं.”

“तुमचं मी भरून देतो, जावईबापू,” अनंतराव म्हणाले. “तिचं राहू द्या.”