साबणाच्या चार वड्या

"हे पाणी हाय का आधण, बाई?" गोजरबाईनं घंगाळात बोट बुडवलं आणि झटक्यानं बाहेर काढलं. "यानं न्हाऊ घालून राहिल्या होय तुमी लेकराला?"

अनुसयाबाई पाटावर पाय लांब पसरून बसली होती. लुगडं गुडघ्याच्या वर खोवलेलं, आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत गोजरबाईचा सव्वा महिन्याचा नातू तेलानं माखून पालथा पडलेला. हातात तांब्या भरलेला होता. गोजरबाई क्षणभर उशिरा आली असती, तर ते पाणी लेकराच्या पाठीवर पडलं असतं.

"आत्ता बघितलं की मी. कोपर घालून बघितलं. चांगलं कोमट होतं."

"कोमट? माझं बोट पोळलं."

"चुलीची धग लागली असंल घंगाळाला."

चूल दहा हात लांब होती, हे दोघींनाही दिसत होतं. गोजरबाई मनानं साधी. तिनं कळशीभर गार पाणी ओतलं, चार शब्द पुटपुटली आणि विसरून गेली. अनुसयाबाईनं कसंबसं लेकरू न्हाऊ घातलं, त्याची टाळू भरली, धुरी दिली, आणि ती घरी निघाली. बावीस वर्षं ती शिरड शहापुरात बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊ घालत होती. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं एकटीनं लेक वाढवली आणि उजवून दिली. या बावीस वर्षांत एका पोराच्या अंगावर फोड आला नव्हता. आणि आज आधणासारखं पाणी तिच्या कोपराला कोमट लागलं होतं.

घरी आल्यावर तिनं चोळीची बाही वर सारली. उजव्या कोपराखाली कलदार रुपयाएवढा तांबूस चट्टा होता. तो काही आज दिसला नव्हता. गोजरबाईच्या सुमनला दिवस भरून मुलगा झाला, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तो पहिल्यांदा नजरेस आला होता, आणि अनुसयाबाईनं तेव्हाच गुन्हेगार पकडलाही होता. सुमन पडली वाशीमची सून. तिनं सासरहून, इंग्रजी मुलखातून, वासाच्या गुलाबी साबणाची वडी आणली होती. "माझ्या लेकराला डाळीचं पीठ चोळू नका, मावशी, हेच लावा," असा तिचा हुकूम. अनुसयाबाईचा जन्म डाळीचं पीठ, साय आणि हळदीत गेलेला. तो बुळबुळीत गोळा हातात धरतानाच तिला शिसारी आली होती. चट्टा उठला तो त्या साबणाचाच, यात तिला तिळभर शंका नव्हती.

पण साबणानं कातडी उतते, आग होते, खाज येते. पोळलेलं कळत नाही असं कधी होतं? हा प्रश्न मनात आला आणि तिनं तो आल्या पावली परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हिंगोलीचा लतीफ दर बाजारी काकणं, फण्या, सुया, सुरमा आणि साबण घेऊन चिंचेखाली बसायचा. अनुसयाबाईनं पदराआड हात ठेवूनच त्याला विचारलं, की साबणानं अंगावर चट्टा उठला तर त्यावर काय लावतात.

"हा घ्या," म्हणत लतीफनं लाल, उग्र वासाची वडी काढली. "औषधी साबण हाय. दवाखान्यात डाक्टर लोक यानंच हात धुतात. खरूज म्हना, गजकर्ण म्हना, सगळं जातं."

तोवर अनुसयाबाईची स्वतःची आंघोळ म्हणजे दोन तांब्यांचा कारभार. गावभरची पोरं न्हाऊ घालून यायची, परसातल्या दगडावर उभं राहायचं, अंगावर पाणी ओतायचं की झालं. जन्मभर दुसऱ्यांची अंगं चोळणाऱ्या बाईला स्वतःचं अंग चोळायला सवड नव्हती. आता मात्र तिनं परसात चार काठ्या रोवल्या, जुन्या लुगड्याचा आडोसा केला आणि दिवसातून तीनदा आंघोळ सुरू केली. सकाळी कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी. दुपारी लाल साबण. दिवेलागणीच्या आधी नदीची चिकणमाती लावून ती वाळेपर्यंत बसायचं आणि पुन्हा साबण. गुलाबी साबणानं दिलेलं लाल साबण घेऊन जाईल, एवढाच तिचा हिशेब होता.

पहिली वडी संपली. चट्टा होता तिथंच होता. दुसऱ्या वडीबरोबर तिनं पाय घासायची वजरी घेतली. एका दुपारी घासता घासता रक्त आलं. आधी तिला बरंच वाटलं. वरची कातडी निघाली, आता खालून नवी येईल. मग तिच्या ध्यानात आलं, की रक्त वाहतंय आणि दुखत काहीच नाही. ती ओल्या अंगानं तशीच दगडावर बसून राहिली. तिला भयंकर भीती वाटली.

गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे दगडोबा नावाचा माणूस एका खोपट्यात राहायचा. त्याच्या हातापायांची बोटं झडली होती. त्याची बायको रोज एका धोंड्यावर भाकरी ठेवून यायची आणि लांबूनच हाक मारायची. त्याच्या रोगाचं नाव गावात कोणी घेत नसे, 'मोठा रोग' एवढंच म्हणत. ओढ्याकडे खेळणाऱ्या पोरांना हाकलून आणण्यात अनुसयाबाई स्वतःच पुढं असायची.

आता तिला झोप लागेना. वर्षभरात न्हाऊ घातलेली पोरं ती बोटांवर मोजायची. अकरा. सुमनचं, तातेरावाच्या सुनेचं, तेलिणीचं जुळं. कोणाच्या अंगावर काही उठलं का, म्हणून ती सकाळी एकेकाच्या दारावरून उगाच चक्कर मारायची. त्या आधणाच्या दिवसापासून घंगाळात ती डावं कोपर घालत होती. काम मात्र सोडलं नव्हतं. सोडलं तर लोक काहून म्हणून विचारतील.

आणि घरात आशा होती. तिची एकुलती एक लेक, वारंग्याहून पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. आठवा सरून नववा लागला होता. गावाची पोरं न्हाऊ घालणाऱ्या अनुसयाबाईनं लेकीच्या लेकराला पहिली आंघोळ मनातल्या मनात कितीदा घातली होती. ते लेकरू आपल्या पायांवर यायलाच पाहिजे, यासाठी तिचा सगळा आटापिटा चालला होता.

तिसरी वडी संपली. चौथी घ्यायला ती लतीफपुढं उभी राहिली, तेव्हा त्यानं वडी उचलली, पण दिली नाही.

"बाई, बुरा मानू नका. चट्टा कुठं हाय?"

"हाय हातावर. त्या साबणाचा."

"दुखतो? खाजतो?"

तिनं हात पदराआड आणखी आत घेतला. लतीफनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "माझ्या चाचानं असंच केलं. माझ्याच दुकानातून आठ वड्या नेल्या. नवव्या वडीला आला तवा त्याची बोटं वाकडी झाली होती. मी साबण इकतो म्हणून सांगतो, बाई, हा साबणाचा डाग न्हाई, आन् साबणानं जायचा बी न्हाई. घरातल्या कोणाला तरी सांगा, तुमी डोळे मिटा, त्यांनी गवताची काडी चट्ट्याला लावायची. लावल्यालं कळलं तर काही भेव न्हाई. न्हाई कळलं तर हिंगोलीच्या डाक्टरकडं जा. लौकर गेलेल्या माणसाची बोटं राहतात."

चौथ्या वडीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

घरात माणूस म्हणजे आशा. संध्याकाळी अंगणात आशा गहू निवडत बसली होती. अनुसयाबाई तिच्यासमोर बसली आणि तोंडावर हसू आणून म्हणाली, "आशे, एक गंमत करू. मी डोळे मिटते. तू माझ्या हाताला काडी लाव, कुठं लावली ते मी सांगते."

"माय, तुला पोरखेळ सुचून राहिला आता?"

"लाव गं."

आशा हसली आणि सुपातली काडी तिनं उचलली. अनुसयाबाईनं डोळे मिटले.

"मनगट," ती म्हणाली.

"बराबर."

"तळहात. आता अंगठा."

"बराबर, बराबर."

मग काही लागलं नाही. अनुसयाबाई वाट पाहत राहिली. शेजारी कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"लाव की," ती म्हणाली.

"कवाची लावलीय," आशा म्हणाली. "चांगली टोचून धरलीय, माय."

अनुसयाबाईनं डोळे उघडले. काडी चट्ट्याच्या बरोबर मध्यावर रुतलेली होती. आशाच्या तोंडावर अजून हसू होतं, मग तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते गेलं. तिनं घाबरून तो हात धरायला आपला हात पुढं केला, तशी अनुसयाबाई बसल्या जागेवरून मागं सरकली, भिंतीला टेकेपर्यंत सरकली.

"शिवू नको मला," ती म्हणाली. "तुझ्या पोटात लेकरू हाय. आजपासून माझं ताट येगळं."

हिंगोलीच्या डॉक्टरनं चट्ट्यावर सुई टोचून पाहिली, कोपरामागची शीर चाचपली आणि रोगाचं नाव सांगितलं. निजामाबादच्या बाजूला मोठा दवाखाना आहे, तिथं राहून कडू कवठीच्या तेलाच्या सुया घ्याव्या लागतील, वर्ष-दोन वर्षं तरी लागतील, असं तो म्हणाला. अनुसयाबाईनं स्वतःचं काही विचारलं नाही.

"मी न्हाऊ घातलेल्या लेकरांचं काय होईल, साहेब?"

"घटकाभराच्या आंघोळीनं सहसा लागत नाही. पण यापुढं लहान मुलांना हात लावू नका. घरातल्या तर नाहीच नाही."

परत आल्यावर ती सरळ गोजरबाईच्या दारात गेली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून जे होतं ते एका दमात सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. गोजरबाईनं पाळण्यातला नातू उचलला, आत गेली आणि दार लावून घेतलं. बाकीच्या घरी जाऊन सांगायची गरज पडली नाही, दिवस मावळायच्या आत गावाला कळलं होतं.

नऊ दिवसांनी आशा बाळंत झाली. सुईण आली, नाळ कापली आणि हात धुऊन अशी गेली की पुन्हा फिरकली नाही. मुलगी होती, केसाळ, गोरीपान. अनुसयाबाईनं ती परसाच्या दारातून पाहिली. ती आता आडोशाच्या मागं, उघड्यावर झोपत होती.

न्हाऊ घालायला कोणीच येईना. शेवटी पाचव्या दिवशी ओली बाळंतीण आशा स्वतःच पाटावर बसली. तिला नीट पाय पसरता येत नव्हते. अनुसयाबाई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहून सांगत होती.

"मान धर, मान. सगळा पंजा मानंखाली घाल."

"घातला."

"पीठ डोळ्यांत जाऊ देऊ नको. आता तांब्या. उंचावरून न्हाई, खालून धर."

तांब्या उचलताना आशाच्या हातातून लेकरू तेलानं निसटलं आणि पायांवरून खाली घरंगळायला लागलं. अनुसयाबाई धावली. अर्धं अंगण ओलांडून तिचे दोन्ही हात पुढं झाले, आणि लेकरापासून हातभर अंतरावर ती थांबली. स्वतःला थांबवलं म्हणा. आशानं पोरीला कशीबशी एका मांडीनं अडवलं होतं. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून रडायला लागल्या, आणि पोरगी तर आधीपासून रडतच होती.

पलीकडच्या भिंतीवरून खतीजाबी हे सगळं पाहत होती. खतीजाबी शेजारची, तिनं स्वतःची पाच आणि सुनेची तीन लेकरं वाढवलेली. पाच दिवस ती भिंतीवर दुधाचा लोटा आणि सरपण ठेवून मुकाट्यानं जात होती. आज ती बोलली.

"अनुसयाबाई, मी आले असते. पण सून येऊ देत न्हाई. म्हणते, ती बाई घरात हाय तोवर त्या अंगणात पाय टाकायचा न्हाई. तिची बी लेकरं ल्हान हायत. माफ करा."

"तुमची सून बराबर बोलते," अनुसयाबाई म्हणाली. "मी गेल्यावर येताल?"

"तुमी गेल्यावर रोज येईन. पोरगी माझी समजा."

दवाखान्यात पुढच्या महिन्यात जायचं ठरलं होतं. निदान बारसं कानांनी ऐकू, मग जाऊ, असं अनुसयाबाईनं मनाशी धरलं होतं. तो बेत तिनं सोडला आणि त्याच दिवशी वारंग्याला निरोप धाडला, मला दवाखान्यात पोचवा म्हणून. दोन दिवसांनी सकाळी जावई हरिचंद बैलगाडी घेऊन आला. तिनं एका पोत्यात दोन लुगडी आणि वाटी-तांब्या भरला, गाडीच्या मागच्या टोकाला स्वतःचं गोणपाट अंथरलं आणि त्यावर बसली. आशा लेकराला घेऊन दारात उभी होती. ती पुढं यायला लागली, तशी अनुसयाबाईनं हातानंच नाही म्हटलं.

"माय, तुला भेव न्हाई वाटून राहिलं?" आशानं दारातून विचारलं.

"लई वाटून राहिलं," अनुसयाबाई म्हणाली. "तू आत जा. वारं लागंल तिला."

हरिचंद कासरे हातात धरून बसला होता, पण गाडी हाकत नव्हता. सासूला निघा म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. गल्लीच्या वळणावर खतीजाबी उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, एका हातात भिजवलेल्या डाळीच्या पिठाचा वाडगा. ती गाडीकडे बघत नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

अनुसयाबाईनं तिला पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि उजवा हात पदराखाली घेतला.

"हाका, जावईबापू," ती म्हणाली. "लेकराची आंघोळ खोळंबली."