गुडघ्याची तारीख

“वैनी, जपून. मनालीवानी इथंही घसरसान,” पानावर बसलेले पुसदचे देवीलालभाऊ म्हणाले आणि अख्खी पंगत हसली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाची पहिली पंगत होती, म्हणजे पुरुषांची. माझ्या हातात आंबिलीचं पातेलं होतं. डावा पाय काठीसारखा ताठ ठेवून, कमरेतून वाकून मी वाढत होते. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा, घनश्यामरावांचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी देवीलालभाऊंच्या द्रोणात आंबील ओतली. घरात लक्ष्म्या उभ्या असताना पाहुण्याला उपाशी उठवता येत नाही.

हे देवीलालभाऊ तर मनालीला तिथंच हजर होते. आमचं दारव्ह्याला कृषी केंद्र, त्यांचं पुसदला. कपाशीच्या बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीनं जानेवारीत दुकानदारांना जोडीनं मनालीला नेलं. बर्फ पाहून मी खरंच हरखले होते, खोटं कशाला बोलू. पण कंपनीच्या माणसाला फोटो हवा होता. जोडपी बर्फावर आणि मागे बियाण्याचा बॅनर. भाड्याचा कोट साडीवरच चढवला, पायांना बर्फावर घसरायच्या त्या लांब पट्ट्या बांधल्या. मी म्हटलं, “मले नाही जमत हे. मी बाजूले उभी राह्यतो.”

“फोटो हालता पाह्यजे म्हणते तो,” असं म्हणत ह्यांनी मला मागून ढकललं.

उताराला मी सुटले. एक पट्टी बर्फात रुतली, पाय तिथंच राहिला आणि बाकीची मी फिरले. गुडघ्यातून जो आवाज आला तो अजून कानात आहे. फोटो मात्र झकास आला.

गावात आल्यावर ह्यांनी सांगितलं की हिलाच बर्फावर घसरायची हौस होती. बाईची हौस म्हटलं की लोकांना आणखी काही विचारावंसं वाटत नाही. आधी मला एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तेल लावून पाय असा ओढला की उरलंसुरलंही गेलं. मग उन्हाळा सरता सरता यवतमाळचे डॉक्टर. ते म्हणाले, आतलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर गुडघ्यातली गादी झिजत जाईल.

हे म्हणाले, “पेरणी होऊ दे.” हंगामात दुकान सोडवत नाही, ते मलाही पटलं. पेरणी झाली तर खताचे दिवस आले. मग पोळा. पोळा झाल्यावर म्हणे, “आता महालक्ष्म्या तोंडावर हायेत. तू दवाखान्यात पडल्यावर सोळा भाज्या कोन रांधन?” आणि मी रांधल्या. पाटावर बसता येत नाही तर उभ्यानं रांधल्या, पहाटेपासून, गुडघ्याला फडकं आवळून.

शेवटच्या पानापाशी वळताना गुडघा निसटला. असं हल्ली वारंवार होतं, खालचा पाय आपला नसल्यासारखा बाजूला जातो. पातेलं मी सोडलं नाही, पण आंबील सांडली. ह्यांच्याच पानात आणि धोतरावर.

“पाहून चाल ना. लोकं जेवून राह्यले,” हे खेकसले.

मी पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला धरून सरळ झाले.

“माह्यं ऑपरेशन कधी हाय?”

“हे इचाराची येळ हाय का?”

“तारीख सांगा.”

“दिवाळी होऊ दे. हरभऱ्याचं बियाणं इकलं का जाऊ आरामात.”

हरभरा. म्हणजे माझा नंबर आता हरभऱ्याच्याही मागे होता. मग मात्र माझं डोकं फिरलं.

“देवीलालभाऊ, तुमी तर मांगंच उभे होते. मी कशी पडली ते सांगा ना ह्या लोकाईले.”

देवीलालभाऊंनी पुरणपोळीचा घास तोंडात कोंबला. “आता कायले जुनं काढता, वैनी. देवाचा दिवस हाय.”

“मले ह्यायनं ढकललं. फोटोसाठी. मी नाही नाही म्हणत होती.”

या वेळी कुणी हसलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “पुष्पा, अंदर ये. पंगत उठू दे, मंग बोल.”

पंगत उठल्यावर ऐकायला कोण असतं? मी कोनाड्यातला मोबाइल घेतला, यवतमाळच्या दवाखान्यात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

तिकडं एक मुलगी होती. तिनं नाव विचारलं, काय लागलं ते विचारलं, कधी लागलं ते विचारलं. जानेवारीत, मी म्हटलं.

“मंग इतके दिवस काहून नाही आल्या, ताई?” तिनं सहज विचारलं.

पंगतीतले कढीचे भुरके थांबले. डॉक्टरांना विचारून तिनं ऑपरेशनला सोमवार दिला.

“सोबत कोण राहीन? दवाखान्यात एक माणूस लागतेच.”

मी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळ्यांच्या माना पानात होत्या. ह्यांच्याकडे जास्त वेळ पाहिलं. ते धोतरावरची आंबील पुसत होते, पुसून झाल्यावरही पुसत होते.

“हॅलो, ताई? सोबत कोण?”

“लिवा,” मी म्हटलं, “कोनी नाही.”

फोन ठेवला. बायकांची पंगत लागायला अजून वेळ होता. मी भिंतीजवळ खुर्ची ओढली, माझं ताट वाढून घेतलं, आणि पाय लांब करून त्या सगळ्यांच्या समोर बसून जेवले.