निरोगी डोक्याचा नमुना

आपल्या डोक्याचा त्या संशोधकाला भारी अभिमान होता. टक्कल पडलं तेव्हासुद्धा म्हणाला, बरं झालं, प्रयोगाची सोय झाली. त्याचं यंत्र कानशिलातून प्रकाशाचा झोत आत सोडायचं. त्या उबेने रक्तातून अगदी बारीक आवाज उठायचा आणि तो टिपून यंत्र रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचं. निरोगी नमुन्याशी फरक दिसला की तिथे लाल ठिपका. नमुना अर्थातच स्वारीच्या स्वतःच्या डोक्याचा. एवढं चांगलं डोकं घरात असताना दुसरं कशाला शोधायचं?

उद्या मेंदूच्या डॉक्टरबाई यंत्र बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर यंत्र रुग्णालयात जाणार, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. आणि ऐन वेळी यंत्राने घात केला. सहकाऱ्याला बसवलं, तर डाव्या कानशिलात लाल ठिपका. पहारेकऱ्याला बसवलं, तरी तिथेच. त्याने यंत्राला यथेच्छ शिव्या घातल्या.

तेवढ्यात बायको प्रयोगशाळेत आली, तो घरी विसरलेली किल्ली घेऊन. "डोकंही घरीच राहिलंय का, ते बघून आले," ती म्हणाली.

"बस इथे जरा."

"इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, अजून पोट भरलं नाही?" म्हणत ती बसली. पुन्हा तोच ठिपका.

"म्हणजे मी आजारी?"

"तू, तो, पहारेकरी, सगळेच. तिथे तुमचं रक्त जास्त वाहतंय म्हणे."

"कोणापेक्षा जास्त?"

'निरोगी माणसापेक्षा' म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, तो निरोगी माणूस म्हणजे आपणच. हल्ली शब्द आठवत नव्हते, उजव्या हातातून पेन निसटत होतं. थोर माणसांचं असंच असतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्याने नमुना म्हणून बायकोचं चित्र लावलं आणि स्वतः बसला. पडद्यावर त्याच जागी एकच ठिपका उमटला, आणि शेजारी अक्षरं: रक्तप्रवाह कमी.

त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. "यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रुग्णही सापडलाय."

"काय होतंय त्याला?"

"स्वतःला फार शहाणा समजतो."

बायकोने फोन काढून घेतला, "आम्ही लगेच निघतोय," म्हणाली, आणि त्याचा उजवा हात घट्ट धरला. भीती तिलाही वाटत होती, पण तिने हात सोडला नाही.