पिवळा पडदा

झलमनचं पोर सोमवारी आठ दिवसांचं झालं, आणि त्याच सोमवारी झलमननं मला दारातच अडवलं. "रेब लायझर, आज जमायचं नाही. पोर पिवळं आहे."

"पिवळं की गुलाबी ते मी ठरवतो," मी म्हणालो. "तू आपले फ्रॉक शिव."

मेलबर्नच्या या कार्लटन वस्तीत युद्धातून वाचून पोलंडहून आलेली आमची ज्यू माणसं दाटीवाटीनं राहतात, आणि आमच्या लोड्झ शहरचा मोहेल, म्हणजे सुंता करणारा, आता उरलोय मी एकटा, म्हणून सगळे मानानं 'रेब' म्हणतात. सकाळी बाजारासाठी कोंबड्या कापतो, बोलावणं आलं की मुलांची सुंता करतो. सुऱ्या वेगळ्या आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण प्रत्येक बाप हा विनोद करतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

नियम सोपा आहे. अब्राहामानं देवाशी करार केला, त्याची खूण म्हणून मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची. मग त्या दिवशी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस असो, नाहीतर आभाळ कोसळलेलं असो. पोर अशक्त किंवा पिवळं असेल तर मात्र रंग उतरेपर्यंत थांबायचं. आणि सुंता होत नाही तोवर त्याला नाव ठेवायचं नाही. झलमनची बायको फ्रीमेट म्हणूनच बाळाला "भाडेकरू" म्हणायची. खातो, झोपतो, आरडाओरडा करतो, दमडी देत नाही.

झलमननं मला पुढच्या खोलीत नेलं. खिडकीला नवा पडदा होता, पिवळाधमक. झलमनच्या कारखान्यात बायकांचे उन्हाळी फ्रॉक शिवतात, त्यातलंच उरलेलं कापड. संध्याकाळचं ऊन त्यातून आत येत होतं. भिंती पिवळ्या, पाळणा पिवळा, झलमन पिवळा, माझी पांढरी दाढीसुद्धा पिवळी.

"बघा," झलमन म्हणाला. "लिंबासारखा दिसतोय."

काविळीच्या डोळ्यांना सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. मला कावीळ झालेली नव्हती. मला पडदा स्पष्ट दिसत होता. कुठलाही मोहेल मूल आधी उजेडात नेतो, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून पाहतो, डोळ्यांतला पांढरा भाग पाहतो. छत्तीस वर्षं मी हेच करत आलोय. त्या दिवशी मी जागचा हललो नाही.

"पिवळंच आहे," मी म्हणालो. "उद्या बघू."

का म्हणालो ते सांगेन. घाई नाही.

मंगळवारी गेलो. पोर पिवळंच. फ्रीमेट मागच्या खोलीत पडून होती. बाळंतपण तिला जड गेलं होतं. तिनं आतूनच विचारलं, "काय म्हणताहेत रेब लायझर?"

"उद्या बघू म्हणताहेत," झलमन घाईघाईनं ओरडला. चोराच्या मनात चांदणं. त्या घरात तर चोर दोन होते.

मग त्यानं काचेच्या पेल्यात चहा दिला, लिंबाची चकती घालून. मी साखरेचा खडा दातांत धरला आणि वाट पाहत बसलो. झलमन चहा देतो तेव्हा पाठोपाठ भाषण येतं हे मला ठाऊक आहे. हा चार वर्षांचा होता तेव्हापासून.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "करार दोघांचा असतो ना?"

"असतो."

"आम्ही आमचं पाळलं. शब्बाथ पाळला, डुकराला शिवलो नाही, बापानं उपाशी राहून मला शिकवलं. त्यानं त्याचं काय पाळलं? तुम्हीच सांगा, तो कुठे होता?" त्यानं बोटानं छत दाखवलं. वर भाड्यानं राहणारा इटालियन चांभार होता, पण प्रश्न त्याला नव्हता. "आणि आता म्हणता, मुलाचीही सही घ्या त्याच कागदावर. मुलाला विचारलंय कुणी?"

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो. "आणि तुला तर नाहीच. तुझ्या वेळी मी विचारणार होतो, पण तू इतका केकाटत होतास की ऐकूच आलं नसतं."

तो हसला नाही. त्यानं दाराबाहेर बोट दाखवलं. समोरच्या कुंपणावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं: परत जा.

"वीस हजार किलोमीटर आलोय," झलमन म्हणाला. "आणि इथं खडू आधीच येऊन बसलेला."

"अरे, खडूच आहे. फडक्यानं पुसला जातो."

"तिकडेही आधी खडूच होता."

मी चहा संपवला आणि घरी आलो.

बुधवारी मी त्याला एलियाची गोष्ट सांगितली. त्याला ती पाठ आहे, तरी सांगितली; म्हाताऱ्याला तेवढी सवलत असते. एलिया संदेष्टा देवाकडे तक्रार घेऊन गेला की तुझ्या लोकांनी करार सोडला. देव म्हणाला, बरं, आता जगाच्या अंतापर्यंत प्रत्येक सुंतेला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. म्हणून आम्ही त्याच्यासाठी एक रिकामी खुर्ची मांडतो.

"म्हणजे तक्रार केल्याची शिक्षा," झलमन म्हणाला.

"शिक्षा कसली? हजारो वर्षं फुकटचा केक आणि दारू. तूही त्याच जातीचा आहेस. तुझ्या शेजारी बसवतो त्याला. दोघं मिळून कुरकुर करा."

"मी बसणारच नाही," तो म्हणाला, आणि मग एकदम हळू आवाजात, "रेब लायझर, हेनोखचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. हेनोख त्याचा धाकटा भाऊ. सोनेरी केस, निळे डोळे, पोलिश असा बोलायचा की पाद्रीही फसावा. खोट्या कागदांवर तो वॉर्सात दीड वर्ष मोकळा हिंडला. एके दिवशी कुणीतरी त्याला वाड्याच्या कमानीखाली ओढलं आणि म्हणालं, पँट काढ. केस, डोळे, कागद, सगळं खोटं बोलू शकलं. तेवढी एक खूण खोटं बोलू शकली नाही.

"मला मुलाला त्याचंच नाव द्यायचंय," झलमन म्हणाला. "आणि नाव द्यायचं तर ज्यानं त्याला मारलं तेच करायचं. सांगा, कसं करू?"

मी पाळण्यात वाकलो, बराच वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "अजून पिवळं आहे."

गुरुवारी संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा पुढच्या खोलीत पाळणा रिकामा होता. झलमन पांढराफटक होऊन उभा होता. त्या पडद्यातसुद्धा पांढरा दिसत होता म्हणजे बघा. मागच्या अंगणातून फ्रीमेटचा आवाज आला. "दोघेही इकडे या."

ती कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी होती, अंगात झोपायचा झगा, पाय अनवाणी, कडेवर उघडं बाळ. लख्ख उजेड होता. पोर गुलाबी होतं. नुकत्याच धुतलेल्या लाल मुळ्यासारखं गुलाबी.

"डॉक्टरकडे न्यायला निघाले होते मी," ती म्हणाली. "चार दिवस जीव मुठीत धरून पडलेय. चार दिवस! मला वाटलं, माझे सगळे गेले, हाही जातोय. अंगणात आले, उजेडात बघितलं, आणि..." तिनं झलमनकडे पाहिलं. "ऊन लागतं म्हणून लावलास ना पडदा?"

झलमन तारेवरचा एक चिमटा काढून परत लावायला लागला.

"जगात एवढे रंग होते," ती म्हणाली. "निळा होता, हिरवा होता. लोड्झला छातीवर आणि पाठीवर पिवळा तारा शिवून फिरलास, मेलो तरी तो रंग विसरणार नाही म्हणायचास. आणि मुलाला लपवायला तोच सापडला?"

झलमन तारेखालच्या पायरीवर बसला. खरं सांगतो, मला त्याची दया आली आणि मी तिथून पाय काढायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला.

"आणि तुम्ही हो? याचे डोळे बापाच्या मायेनं झाकले. तुमचे कशानं?"

आता सांगतो. घाई नव्हती, पण सुटकाही नव्हती.

"पोरी," मी म्हणालो, "मला पहिल्या दिवशीच पडदा दिसला. मी खोटं बोललो. तीन वेळा. हेनोखची सुंता मीच केली होती. याची केली, त्याची केली, माझ्या दोघा मुलांची केली. लोड्झमध्ये जिथे जिथे कुणाला पँट काढायला लावली, तिथे माझी खूण होती. इथे बोलावतात तेव्हा जातो, करतो, केक खातो. पण हेनोखचंच नाव, हेनोखच्याच भावाचं मूल... झलमननं पडदा लावला तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, राहू दे अजून एक दिवस."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नसतं, आज असती तर.

फ्रीमेट बाळ खांद्यावर घेऊन त्याला थोपटत म्हणाली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी, "माझ्या तीन बहिणी होत्या. ब्रायना, गितल आणि धाकटी त्सिपे. त्यांच्या अंगावर कसली खूण होती?"

झलमननं पायरीवरून मान वर केली.

"कसलीच नव्हती. त्यांना कुणी कमानीखाली ओढून तपासलं नाही. विचारलंसुद्धा नाही. नेलं." तिनं बाळाचा चेहरा पुसला. "ही पुरुषांची जात! तुम्हाला वाटतं, सगळं जग तुमच्या चड्डीवर चाललंय. ज्याला मारायचंय त्याला कारण सापडतं हो. याला खूण नसली तर ते याचं नाक बघतील, आडनाव बघतील, आजीचं नाव विचारतील. लपायचं आणि तेवढ्यासाठी नावही घालवायचं? मला भाडेकरू नकोय. मला मुलगा हवाय. देवाशी काय भांडायचंय ते भांडा, मीही भांडणार आहे. पण भांडायलासुद्धा नातं लागतं."

झलमन उठला. आत गेला. फाटल्याचा आवाज आला, मग पडद्याची काठी पडल्याचा. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "शब्बाथच्या आधी. हात थरथरतात का तुमचे?"

"बेचाळीस सालापासून," मी म्हणालो. "फक्त सुरी हातात असली की थांबतात."

"माझ्या बायकोसमोर सांगताय म्हणजे खरं असेल," झलमन म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

शुक्रवारी सकाळी कोंबड्यांना अर्धी रजा मिळाली. मूल मांडीवर घ्यायचा मान आजोबांचा. या घरात आजोबा कुणाकडूनच नव्हते. म्हणून झलमनच बसला, गुडघ्यावर उशी घेऊन. शेजारी एलियासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. तिचा एक पाय लंगडा होता, खाली काड्यापेटी सरकवावी लागली. "तक्रार नको हं," मी खुर्चीला म्हणालो. उघड्या खिडकीतून लख्ख उजेड थेट पाळण्यात येत होता.

बापानं काम मोहेलवर सोपवायचं असतं, तोंडानं. झलमनचं तोंड उघडेना. दारात फ्रीमेट उभी होती. शेवटी तो म्हणाला, "करा." एवढंच.

सुरी हातात घेतली आणि माझे हात थरथरायचे थांबले. काम झालं. बाळाच्या ओठांवर द्राक्षरसाचा थेंब लावून मी नाव पुकारायला उभा राहिलो आणि तिथेच अडलो. हेच नाव मी एकदा पुकारलं होतं, लोड्झला, तिसऱ्या मजल्यावर, बर्फ पडत असताना. तेव्हा हा झलमन तीन वर्षांचा होता, टेबलाखाली बसून केक चोरत होता. आता त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"रेब लायझर," तो म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर दोघं मिळून म्हणू."

आणि आम्ही दोघांनी मिळून म्हटलं, जोरात, खिडकीबाहेर कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं: "हेनोख, झलमनचा मुलगा!"

तोवर गप्प असलेलं पोर एकदम तोंड पसरून रडायला लागलं. लालबुंद झालं. झलमन घाबरला. "ओरडतोय हो हा!"

"ओरडू दे," मी डोळे पुसत म्हणालो. "नावानं हाक मारली, त्यानं ओ दिली."