मालकांना सांगितले

वहिनी परीक्षेत पास झाली, इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

तिला वहिनी म्हणायचा हक्क खरं तर एकटीलाच होता, तिच्या नणंदेला. ती त्याच हॉटेलात भांडी घासायची. पण नणंदेचा आवाज असा, की मोरीतून ‘वहिनी, झाकणं कुठं ठेवलीस?’ म्हटलं की पार गल्ल्यापर्यंत ऐकू जावं. मग मुख्य आचारी, म्हणजे आमचे उस्ताद, वहिनी म्हणायला लागले, वेटर म्हणायला लागले आणि शेवटी मालकही. सोळा वर्षं ती थंड्या टेबलावर होती. थंडं टेबल म्हणजे सॅलड, कापलेली फळं, उकडलेली अंडी, शिजवून गार केलेलं चिकन, क्रीम घातलेलं गोडधोड. शेगडीजवळचा मान नाही, पण शेगडीजवळचा घामही नाही, असं ती म्हणायची, आणि खूश असायची.

तर वरून फर्मान आलं. जिथं अन्न शिजवून विकलं जातं तिथं निदान एका माणसानं अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेलं हवं, परीक्षा दिलेली हवी, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं हवं. मालकांनी दोघांना पाठवलं, उस्तादांना आणि वहिनीला. उस्तादांचं नाव नुसतं जोडीला नव्हतं हो, प्रमाणपत्र त्यांनाच मिळणार हे सगळे धरूनच चालले होते. पण तीस वर्षं शेगडीपुढे उभा राहिलेला माणूस, त्याला शिकवायला गेली त्याच्या मुलीच्या वयाची मॅडम. पहिल्या दिवशी ते हसले, दुसऱ्या दिवशी झोपले. परीक्षेत विचारलं होतं, चिकन आतपर्यंत शिजलंय हे कसं ओळखाल? चार पर्याय होते. उस्तादांनी तापमापक सोडून ‘बोटानं दाबून’वर खूण केली, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की आपण खरं तेच लिहून आलोय. नापास झाले.

वहिनीनं मात्र जीव तोडून अभ्यास केला. पुस्तक ओट्यावर उभं करून ठेवायची आणि नणंदेला म्हणायची, विचार मला काहीही. पन्नासात अठ्ठेचाळीस पडले. मालकांनी तिच्या फोटोसकट प्रमाणपत्राला काच लावली आणि ते गल्ल्यामागं टांगलं. हॉटेलच्या परवान्याच्या अर्जावर तिचं नाव चढलं, ‘अन्नसुरक्षा प्रमुख’. घरी नवऱ्यानं दोन दिवस तिला ‘प्रमुखबाई, पाणी मिळेल का’ म्हणून भंडावून सोडलं. आता प्रमुख झाली म्हणून किचनमध्ये कुणी तिचं ऐकायला लागलं, असं काही झालं नाही. टेबल तेच आणि सुरीही तीच. फक्त भिंतीवर फोटो.

आणि हो, रजिस्टर. प्रत्येक फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघायचं, लिहायचं, सही करायची. पाच अंशांच्या वर गेलं तर शेवटच्या रकान्यात लिहायचं, ‘केलेली कारवाई’. आधी हे काम उस्तादांकडे होतं आणि त्यांची पद्धत सुटसुटीत होती. महिन्याच्या एक तारखेला चहा घेऊन बसायचं आणि अख्खा महिना भरून टाकायचा. सकाळी चार, संध्याकाळी चार. तीस दिवस, साठ चौके. एकदा दहा तारखेला एक तपासनीस आले होते, त्यांना वीस तारखेचं तापमानही वाचायला मिळालं. ते हसले, उस्ताद हसले, चहा झाला.

वहिनीनं ते बंद केलं. प्रशिक्षणातल्या मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं समजलं जाईल. ती खरोखर तापमापक घेऊन फ्रीज उघडायची, थांबायची, वाचायची, लिहायची. उस्ताद म्हणायचे, ‘वहिनी फ्रीजला ताप आलाय का बघतायत.’

आणि एका सोमवारी आलाच की ताप. दोन नंबरचा फ्रीज, ज्यात शिजवलेलं चिकन असायचं, सकाळी आठ दाखवायला लागला, संध्याकाळी नऊ. दाराचं रबर लोंबत होतं आणि मोटर धापा टाकत होती. वहिनीनं पुस्तकात होतं तसं केलं. चिकनचे दोन ट्रे कचऱ्यात ओतले, मालकांना जाऊन सांगितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘दोन ट्रे टाकले. मालकांना सांगितले.’

मालक चिडले असते तर बरं झालं असतं. पण तो माणूस चिडणाऱ्यांतला नाही. ते किचनमध्ये आले, कचऱ्याच्या डब्यात डोकावले आणि अगदी घरातल्या माणसाला समजवावं तसं म्हणाले, ‘वहिनी, असं परस्पर काही टाकत जाऊ नका. मला विचारा. मी आहे ना? मेकॅनिकला आत्ता फोन करतो.’ आणि केलाही, तिच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मालकांनी ट्रेचं झाकण उचललं, वास घेतला. ‘छान आहे की.’

‘वासावरून कळत नाही म्हणे,’ वहिनी म्हणाली. ‘मॅडमनी शिकवलंय. जंतू वाढलेले असले तरी वास येत नाही.’

‘मग हॉटेल चालवायलाही मॅडमनाच बोलवू या.’ मालक हसले. उस्ताद हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण वहिनीही थोडीशी हसली. सगळे हसत असताना एकटीनं तोंड पाडून कसं उभं राहायचं?

तिनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. क्रीम आणि अंडी एक नंबरच्या फ्रीजमध्ये कोंबली, तो गच्च भरला. चिकनच्या ट्रेखाली बर्फ घातला, दुपारपर्यंत त्याचं पाणी झालं. रोज सकाळी ती मालकांपुढे जाऊन उभी राहायची. ‘मेकॅनिक येतोय.’ ‘मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाही.’ ‘वहिनी, मी काय फ्रीज पोटातून काढून देऊ का?’ तेही खोटं बोलत नव्हते. जुना फ्रीज, त्याचा पार्ट खरंच मिळत नव्हता. नवा घ्यायचं मात्र त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि वहिनीचीही ते विचारायची छाती झाली नाही. ती परत यायची, रजिस्टर उघडायची आणि लिहायची. आठ. नऊ. मालकांना सांगितले. नऊ. नऊ. मालकांना सांगितले.

सहाव्या दिवशी उस्तादांनी तिला बाजूला घेतलं. माणूस तोंडाळ, पण मनानं वाईट नाही. ‘वहिनी, चार लिहा आणि मोकळ्या व्हा. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?’

‘खोटं लिहू?’

‘अहो, नऊ लिहून फ्रीज गार होतोय का?’

 तरी चार लिहायला तिचा हात वळेना. उद्या काही झालंच तर आपलं सगळं लिहिलेलं आहे, हा तिचा आधार. आपण सांगितलं होतं, रोज सांगितलं होतं, तारखेसकट आहे, खाली सही आहे. रात्री डोळा लागायचा तो त्या सह्यांच्या भरवशावर.

अकराव्या दिवशी दुपारी एक कुटुंब जेवायला आलं. वडील नोकरीतून निवृत्त झाले होते, म्हणून चौदा माणसं. त्यांनी चिकन सॅलड मागवलं आणि वहिनीनंच ते प्लेटमध्ये लावलं, वर अंड्याच्या चकत्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले सहा जण दवाखान्यात होते. पाच जण दोन-तीन दिवसांत घरी गेले. निवृत्त झालेल्या गृहस्थांची आई मात्र आतच राहिली. ब्याऐंशी वर्षांची बाई, तिला सलाइन लावलेलं.

चौकशीला आलेल्या अधिकारी तरुण होत्या, हळू बोलायच्या. हॉटेल बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एक टेबल तेवढं मोकळं केलेलं. आधी मालक आत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं वहिनीला ऐकू येत होतं.

‘मी साधा धंदेवाला माणूस, मॅडम. जंतू, तापमान, मला यातलं काय कळतं? म्हणून तर शिकलेलं माणूस नेमलं. त्यांनी सांगितलं, मी लगेच मेकॅनिकला सांगितलं. हे बघा मेसेज, अकरा दिवसांचे.’ मेसेज खरेच होते. सगळ्यांनी कुणाला ना कुणाला तरी सांगितलेलं होतं.

मग वहिनीला बोलावलं. ती रजिस्टर छातीशी धरून गेली. घाबरली होती, पण मनातून जरा निश्चिंतही होती. तिनं ते उघडून अधिकाऱ्यांपुढं सरकवलं. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

‘हे अक्षर तुमचं?’

‘हो.’

‘रोज खरं तापमान लिहिलंत?’

‘रोज. दोनदा.’

‘फार थोडे लोक लिहितात,’ अधिकारी म्हणाल्या, आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. हा दिलासा पुढच्या वाक्यापर्यंतच टिकला. ‘म्हणजे अकरा दिवस तुम्हाला माहीत होतं.’

अधिकाऱ्यांनी बोट शेवटच्या रकान्यावर नेलं.

‘हा रकाना “केलेली कारवाई” असा आहे. पहिल्या दिवशी तुम्ही ट्रे टाकलेत. नंतर?’

‘मालक म्हणाले विचारल्याशिवाय टाकायचं नाही.’

‘त्यांच्यावर काय व्हायचं ते होईल. हॉटेल बंद ठेवतील, दंड भरतील, पुन्हा उघडतील. पण वाढायचं की नाही, हे ठरवायची जबाबदारी कायद्यानं प्रमाणपत्र ज्याच्या नावावर त्याची. या वहीत रोज नुसता चारच लिहिलेला असता ना, तर मी म्हटलं असतं, यांना कळलंच नाही. निष्काळजीपणा म्हणून ताकीद दिली असती.’ त्या थांबल्या. त्यांनाही ते बोलणं आवडलं नसावं. ‘माहीत असून वाढलं, याला प्रमाणपत्र रद्द होतं. मग किचनमध्ये अन्नाला हात लावता येत नाही, कुठल्याच.’

‘मी काय करायला हवं होतं?’ वहिनीनं विचारलं. भांडायला नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सोळा वर्षांत दुसरं काही काम शिकली नव्हती ती.

‘वाढायला नको होतं.’

‘त्यांनी मला काढून टाकलं असतं.’

‘हो,’ अधिकारी म्हणाल्या. ‘टाकलं असतं.’

 अधिकाऱ्यांनी वही मिटली आणि नवा कागद घेतला. ‘शेवटचं विचारते. दुपारी उरलेलं कामगार इथं खातात, डबे भरून घरीही नेतात, असं उस्ताद म्हणाले. या अकरा दिवसांत चिकन तुम्ही खाल्लंत?’

 ‘हो, खाल्लं’ असं खोटं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आलं असेल.

‘नाही.’

‘तुमची नणंदही इथंच काम करते. तिनं मुलांसाठी नेलं?’

‘ती भरत होती डबा. मी काढायला लावला.’

अधिकाऱ्यांनी लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. ‘सदर पदार्थ खाण्यास योग्य नाही याची मला जाणीव होती. त्यामुळे मी तो स्वतः खाल्ला नाही, घरच्या मुलांना खाऊ दिला नाही. ग्राहकांना वाढला.’ मग कागद तिच्यापुढं ठेवला. ‘सावकाश वाचा. कुठं चुकीचं लिहिलं असेल तर सांगा, मी खोडते.’

वहिनीनं चष्मा पुसून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मालकांचं नाव त्यात कुठं बसवता येईल का, तेही तिनं शोधून पाहिलं. मोरीत नणंद भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. खोडायला सांगावं असं त्या तीन ओळींत काहीच सापडेना, तेव्हा तिनं पेन मागितलं आणि खाली सही केली.