डिझेलचे चार ड्रम

बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव लोणकढी म्हणायचं, आणि ते नाव त्याने घाम गाळून कमावलं होतं. लादीत गोठलेला मासा चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या बादलीत सुटला, तुरुतुरु पोहत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी उकडतंय म्हणून कारखान्याच्या दारात परत येऊन उभा राहिला, ही त्याची आपली साधी थाप. एकदा असा वारा सुटला की त्याची सावली उडून समोरच्या भिंतीला चिकटली आणि जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून ती उतरवावी लागली, ही मधल्या दर्जाची. लोक हसायचे, चहा पाजायचे आणि चहासोबत आणखी एक मागायचे.

सगळ्यात मोठ्याने हसायचा त्याचा धाकटा भाऊ. तो गोदीत होड्या रंगवायचा.

"दादा, मासा उभा कसा राहिला?"

"शेपटीवर. मग काय तुझ्यासारखा भिंतीला टेकून?"

मग ते चक्रीवादळ आलं, भर सकाळी. धाकटा रंगाला काढलेली होडी दोराने घट्ट बांधायला गेला होता. होडीला लाल प्रायमर झाला होता, वरचा निळा अजून होडीतल्या डब्यातच होता. लोणकढी कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर चढला, कारण आता खाली असं काही उरलंच नव्हतं.

तिथून त्याने पाहिलं. समुद्र उभाच्या उभा आत आला. त्याच्यावर ती लाल होडी, आणि होडीत दोन्ही काठ धरून बसलेला भाऊ. होडी टाकीपासून दहा हातांवरून गेली, कुंपणाच्या भिंतीवरून गेली, रस्त्यावरून आणि शाळेच्या पत्र्यांवरून गेली. भावाने त्याच्याकडे पाहून तोंड उघडलं, शब्द वाऱ्याने नेले. पुढे मिठागरं ओलांडून, पार टेकडीजवळच्या वीटभट्टीच्या धुराड्यापाशी ती ठिपक्याएवढी झाली आणि थांबली.

जन्मात पहिल्यांदा त्याने असं काही पाहिलं होतं, ज्यात भर घालायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. शाळेच्या उरलेल्या दोन वर्गांत छावणी उभी राहिली. शोधपथक आलं ते एकच रबरी बोट घेऊन, आणि ती बोट किनाऱ्याने फिरत राहिली, कारण माणसं समुद्राकडे वाहून जातात असा सर्वांचा अनुभव. लोणकढी पथकाच्या प्रमुखासमोर उभा राहिला आणि पाहिलं तसं सांगितलं.

"शाळेच्या पत्र्यांवरून?" प्रमुखाने विचारलं.

"हो साहेब."

"होडी?"

यादी करणारा कारकून गावातलाच होता. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "साहेब, हा आमचा लोणकढी. होडीला पंख होते का रे?"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. घरदार गेलेली माणसं, पण हसली. जुनी सवय.

धाकट्याची बायको कोपऱ्यात कुणाच्या तरी चादरीवर बसली होती. "भाऊजी," ती म्हणाली, "आज तरी नको हो."

"अगं, खरंच सांगतोय."

तिने मान फिरवली.

तो एकटाच निघाला. मिठागरात छातीएवढं पाणी आणि त्याखाली चिखल होता. शंभर पावलांवर तो रुतला, आणि दोघांनी दोर टाकून त्याला बाहेर ओढला. तिसऱ्या दिवशीही तेच सांगणं, तेच ओढून काढणं. आता कुणी हसतही नव्हतं. "बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय" एवढंच म्हणत होते. भीती, राग, काहीतरी वाटायला हवं होतं त्याला. आत हात घालावा तर लादीसारखं गार आणि सपाट लागत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी छावणीचा जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं होतं. प्रमुख कपाळाला हात लावून उभा होता. लोणकढी जवळ गेला.

"साहेब, वीटभट्टीच्या आवारात डिझेलचे ड्रम अडकलेत. आमच्या कारखान्याचे. वाहून गेलेले."

"किती?"

"चार."

प्रमुखाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "खरं असणार साहेब. खोटं बोलायचं असतं तर हा चाळीस म्हणाला असता, आणि वर दोन मासे पहाऱ्याला."

दहा मिनिटांत बोट मिठागरांकडे निघाली. वाट दाखवायला लोणकढीला पुढे बसवलं. इतकं सोपं होतं.

होडी विटांच्या थप्प्यांवर सरळ बसली होती, कुणी हाताने ठेवल्यासारखी. भाऊ आत होता. एक पाय फळी आणि विटांमध्ये चिरडलेला. वल्ह्याला त्याने अंगातला शर्ट बांधला होता. बिस्किटांचा रिकामा पुडा नीट घडी घालून ठेवला होता. आणि होडीची एक बाजू, बसल्या जागेवरून हात पोचेल तिथपर्यंत, निळी होती. दूरवरून दिसावी म्हणून असेल, नाहीतर वेळ जावा म्हणून. रंग एकसारखा, कुठे ओघळ नाही. त्याचं काम तसंच असायचं.

पथकातल्या डॉक्टरने हात लावून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "फार वेळ नाही झाला. काल संध्याकाळपर्यंत जिवंत असावा."

लोणकढीने ते ऐकलं. त्याने दिवस मोजले नाहीत, ते आपोआप मोजले गेले. पहिल्याच दिवशी चार ड्रम म्हणालो असतो तर.

प्रमुखाने आवारात एकदा नजर फिरवली. "ड्रम?"

"नव्हतेच."

प्रमुखाने टोपी काढली.

"तिला मी सांगेन साहेब," लोणकढी म्हणाला. "तुम्ही कुणी काही बोलू नका."

त्याने शर्ट सोडवून भावाच्या अंगात घातला, बटणं लावली. पुडा स्वतःच्या खिशात टाकला.

छावणीच्या दारात गर्दी होती. कारकून यादी हातात धरून उभा राहिला. धाकट्याच्या बायकोने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तो उलटासुलटा करून पाहत राहिली.

"भाऊजी, कधी गेला?"

"लगेच. त्याच सकाळी. डोक्याला लागलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

"नखांत निळा आहे."

"हो. वादळाच्या आधीच लावायला घेतला होता."

तिने मान हलवली. मग पदराने एकेक नख पुसायला लागली.

"खरं ना?"

"खरं," तो म्हणाला.

आणि तिचा विश्वास बसला.