शेपूच्या फुलांवरचे पाहुणे

"साब, दवा मार दो. दो दिन में सब साफ," सोसायटीचे माळी बनवारीजी पाठीवरचा फवारणीचा पंप न उतरवताच म्हणाले.

"आणि ती खिडकीतून आत गेली म्हणजे?" माझे सासरे, बापू, मराठीतच कडाडले. जयपुरात अकरा वर्षं काढूनही चिडले की त्यांचं हिंदी पळून जातं.

खिडकीच्या आत माझ्या सासूबाई. अर्धांगवायूनंतर सात महिने खाटेवर. शब्द उरले होते तीन-चार. रोज सकाळी खिडकीबाहेरच्या जास्वंदीकडे बघत त्या विचारत, "फूल?" बापू एक फूल त्यांच्या हातात देत आणि तो हात आपल्या हातात धरून ताम्हनातल्या गणपतीवर फूल वाहायला लावत. दोघांची एवढीच पूजा. खरं तर बोलणंही एवढंच.

होळीच्या सुमारास जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. कळ्या पांढऱ्या कापसाने माखून उमलायच्या आतच गळू लागल्या. बापूंनी कुठेसं वाचलं, हे ढेकूण खाणारे बारके भुंगे असतात आणि शेपू-कोथिंबिरीच्या फुलांवर ते येतात. झालं! कुंडीतल्या शेपूला मला हात लावू देईनात.

"बापू, भाजीपुरत्या चार काड्या तरी?"

"ठेल्यावरून घे. हा पाहुण्यांचा आहे."

पाहुणे आले. काळे, मोहरीएवढे. बापू भिंग घेऊन तासन्‌तास बघत. "आता अंडी घालतील, भार्गवी. दहा-बारा दिवस. मग बघ."

बाराव्या सकाळी सासूबाईंनी "फूल?" म्हटलं आणि झाडावर एकही नव्हतं. बापूंनी आपला रिकामाच हात त्यांच्या हातात दिला. मला ते बघवेना.

दुपारी बापू औषधं आणायला गेले. माझा लहानगा निहार झोपला. दिवसातला माझा असा तो एकच तास. झाडापाशी गेले, तर ढेकूण दुप्पट मोठे झालेले, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या, आणि चक्क चालणारे. साबणाचं पाणी केलं, जुना टूथब्रश घेतला, एकेक पान पुसून काढलं. निहार रडत उठला तेव्हा झाड लख्ख झालं होतं. किती दिवसांनी मला काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बापू भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"इथे मोठे पांढरे होते गं. झिपरे."

"काढले मी. सगळे."

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. "भुंग्यांची पिल्लं होती ती. दिसतात ढेकणांसारखीच."

कडेवरच्या निहारला मी घट्ट धरलं. त्याला दुखलं असावं.

"असू दे," बापू म्हणाले. "मीच सांगून ठेवायला हवं होतं. तू कशाला वाईट वाटून घेतेस?"

आठवड्यात सालीच्या भेगांतून ढेकूण परत आले. भुंगे आले नाहीत. ऊन तापलं, शेपूची फुलं वाळून बी धरलं. जास्वंदीच्या नुसत्या काड्या राहिल्या.

"फूल?" आज सकाळी सासूबाईंनी विचारलं.

बापू बाहेर गेले आणि शेपूची वाळलेली एक छत्री घेऊन आले. सासूबाईंच्या बोटांत ती नीट बसवली, हात धरून गणपतीवर नेली. छत्रीतलं बी ताम्हनात सांडलं.

पुढच्या पेरणीसाठी बापू ते बोटाच्या टोकाने एकेक वेचू लागले. मी निहारला घेऊन दारातच उभी राहिले. मदतीला पुढे व्हायचा धीर झाला नाही.